महाराजांचं न्हाण आणि संगणकाचा डोळा

"आज दिवस मावळायच्या आत संगणक ताजातवाना झाला नाही, तर या निंबाजीला हद्दपार करा! आणि दरबाराचा नियम मोडेल त्यालाही त्याच्या मागोमाग पाठवा!" झुंबरगडचे धोंडराज महाराज गरजले.

शिकेकाईची वाटी घेऊन आलेली म्हाळसा दारातच थबकली. निंबाजी म्हणजे तिचा बाप! ती स्वतः राजवाड्यात शिकेकाई कुटायची आणि दर रविवारी महाराजांना न्हाऊ घालायची. बापाचं काम मात्र जगावेगळं. संगणकाला वारा घालायचा!

त्याचं असं झालं. महाराजांनी हौसेनं संगणक आणला आणि प्रेमाच्या भरात त्याला दरबारचा मानकरीच करून टाकलं. पागोटं दिलं, गादी दिली, टेकायला लोड दिला. आता लोडाला संगणक काय टेकणार, कपाळ! तीन वर्षं तो बिचारा रोज पडद्यावर एकच विनवणी करत होता, "माझे ड्रायव्हर जुने झालेत, फर्मवेअर जुनं झालंय. नवं सगळं आणून ठेवलंय. फक्त मला एकदा बंद करून चालू करा!"

ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या आतले मुकादम हो. पंख्याला फिर म्हणणारे, छपाईयंत्राला छाप म्हणणारे. आणि फर्मवेअर म्हणजे त्याच्या हाडीमाशी मुरलेली शिकवण. मुकादमच थकले तर कामं व्हायची कशी? पंखा बसला. छपाई बसली. आवाज बसला. महाराजांनी काय करावं? प्रत्येक जागी माणूस नेमला! पंख्याऐवजी निंबाजी. छपाईच्या खोक्यात बोरू घेऊन एक कारकून कोंबला. आणि गणोजी नावाचा धिप्पाड शिपाई मागे उभा केला. पडद्यावर काही उमटलं की त्यानं "टुंग!" म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, अहो, पण एकदा बंद करून चालू करायला काय जात होतं? जात होतं ना! झुंबरगडचा नियमच तसा होता. महाराजांचे डोळे उघडे असताना दरबारातल्या कुणी डोळे मिटायचे नाहीत. आणि महाराज झोपले की कुणी कामाला हात लावायचा नाही. संगणक पडला मानकरी, पडदा हा त्याचा डोळा. महाराज जागे असताना तो मिटता येईना, झोपले की त्याला शिवता येईना!

निंबाजीचा खांदा इतका आखडला होता की म्हाळसाच त्याला घास भरवी. काल त्याचा हात घटकाभर थांबला, संगणक तापला, आणि आज महाराज तापले.

म्हाळसा पुढे झाली. "महाराज, मी करते त्याला ताजातवाना."

"नियम न मोडता?"

"नियमाला नखसुद्धा न लावता! फक्त एक मागणं आहे. आज रविवार. आजचं न्हाण इथेच, भर दरबारात होऊ द्या."

"बस्स? एवढंच?" महाराज खूश झाले. "आणा रे पाट!"

पाट आला, गंगाळ आलं. म्हाळसानं महाराजांच्या डोक्यावर वाटीभर शिकेकाई थापली आणि चांगली खसखसून चोळली. ओघळ कपाळावरून खाली आला.

"अगं आई गं! डोळे!" महाराजांनी डोळे घट्ट मिटले.

त्याच क्षणी म्हाळसानं ओल्या बोटानं पडद्यावरच्या विनवणीखालचं 'हो' दाबलं. पडदा काळा झाला. मग त्यावर आकडे उमटू लागले.

"बारा टक्के," गणोजी कुजबुजला.

"पोरी, पाणी ओत!"

"ओतते महाराज, अजून मळ निघायचाय!"

"चाळीस टक्के!"

"कसले टक्के? कुणाला विचारून? थांबवा ते!"

"थांबवू नका!" म्हाळसा ओरडली. "अर्ध्यात तोडलं तर आपला मानकरी पुन्हा डोळा उघडायचा नाही!"

महाराज घाबरले. जीव होता हो त्यांचा संगणकावर! ते दात-ओठ खात बसून राहिले. महाराजांचे डोळे मिटलेले पाहून दरबारानंही संधी साधली. रोज दिवसभर डोळे ताणून बसणारी माणसं ती! मंडळी बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली. प्रधानजी तर चक्क घोरायला लागले.

"नव्व्याण्णव!" गणोजी म्हणाला. आणि आकडा तिथेच अडला.

"मेलो! अगं, आग होतेय!"

म्हाळसानं अडलेल्या आकड्याकडे पाहिलं. महाराजांनी आत्ता डोळे उघडले की बाप सीमेपार, आणि मागोमाग ती! तिनं उरलीसुरली शिकेकाई त्यांच्या डोक्यावर उपडी केली. "एवढंच, महाराज, एवढंच!"

टुंग!

गणोजीनं दचकून तोंडावर हात ठेवला. "मी नाही हो म्हणालो!"

पडदा उजळला. पंखा भुर्रकन फिरू लागला. छपाईच्या खोक्यातून कागद धडाधड सुटले आणि त्यांच्याबरोबर कारकूनही बाहेर पडला. मग म्हाळसानं महाराजांच्या डोक्यावर अख्खं गंगाळ रिकामं केलं.

लालबुंद डोळे उघडून महाराज कडाडले, "नियम मोडलास!"

"कोणता, महाराज? आपण झोपला होतात?"

"झोपतोय कसला! डोळ्यांत निखारे होते!"

"मग कामाला हात लावायला हरकत नव्हती. डोळे उघडे होते का आपले?"

"तू उघडू दिलेस तर ना!"

"मग डोळा मिटायलाही हरकत नव्हती. संगणकानं आपल्यामागून मिटला आणि आपल्याआधी उघडला. नियम मोडणारं कुणी हवंच असेल, तर आपण जागे आहात आणि हे बघा, प्रधानजी अजून घोरताहेत!"

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिलं. आधी त्यांच्या स्वतःच्या मिश्या थरथरल्या, मग पोट, आणि मग ते असे खदाखदा हसले की पाटावरून घसरून गंगाळात बसले.

तिथूनच त्यांनी हुकूम सोडला. निंबाजीला पाच बिघे बागायत आणि त्याच्या खांद्याला रोज राजवैद्याच्या हातचा शेक. म्हाळसाला सोन्याची वाटी आणि दरबारात मानकऱ्याची गादी. नियम मात्र तसाच राहिला. हट्टी माणूस तो!

तेव्हापासून पडद्यावर नवी विनवणी उमटली की झुंबरगडात नगारा वाजतो आणि गणोजी ओरडतो, "महाराज, न्हायला चला!" संगणक सदा ताजा असतो, आणि महाराजांचे केस पाहायला तर परगावाहून माणसं येतात.