गाळलेली ओवी

वेणूच्या घरी कालपासून चूल पेटली नव्हती. आई आणि शेजारच्या गोदाकाकू मिळून गावाचं दळण दळायच्या. त्याबदल्यात मिळालेल्या पिठावर दोन्ही घरांच्या भाकऱ्या व्हायच्या. पण दोघी भांडल्या, आणि जातं इतकं जड की एकटीला हलेना!

भुकेली वेणू शेवंतीच्या मळ्यात जाऊन बसली. पिवळ्याधमक फुलांवर दंव चमचमत होतं. तिथंच कोळ्याच्या जाळ्यात इवलंसं काहीतरी फडफडत होतं. वेणूनं ते हळूच, अगदी जपून सोडवलं. ती चक्क परी होती! गुलाबी झग्याची, पिटुकल्या सोनेरी पंखांची.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण नियम आहे हं. त्यानं कुणाचं तोंड बंद व्हायला नको, आणि कुणाची हारही व्हायला नको."

"काकूंना आईची माफी मागायला लाव!"

परीचे पंख फिकुटले. "ही काकूंची हार झाली गं."

"मग आईला गप्प कर."

पंख आणखीच फिकुटले. वेणूला रडू आलं. "त्या ओरडल्या ना, की मला पळून जावंसं वाटतं. न पळता दोघींचं ऐकता येईल, एवढं तरी दे."

पंख लख्ख उजळले! परीनं तिच्या दोन्ही कानांवर दंवाचा एकेक मोती ठेवला.

वेणू काकूंकडे गेली. "काकू, तुम्हाला एवढं काय लागलं?"

"तुझ्या आईलाच विचार! जात्यावर साऱ्या आळीच्या भावांच्या ओव्या गायली, माझ्याच भावाची गाळली. तो काय वाटेवर पडलाय?"

काकूंचा आवाज चढला, पण वेणू पळाली नाही. सगळं ऐकून ती आईपाशी आली. "आई, काकूंच्या भावाची ओवी का गाळलीस?"

आई पुटपुटली, "तो यंदा भाऊबीजेलाही आला नाही. नाव काढलं असतं तर रडली असती बिचारी."

"हे काकूंना सांगितलंस?"

"तिनं बोलू दिलं तर ना!"

वेणूनं आईला हात धरून काकूंच्या दारात नेलं. आईनं चाचरत सांगितलं. काकू बघतच राहिल्या.

"अगं वेडे, रडले असते तर रडले असते! तुझ्याजवळ नाही, तर काय जात्याच्या खुंट्याला मिठी मारून रडू?" काकू रडल्या, आणि रडता रडताच हसल्या.

जातं घरघरलं. आईनं काकूंच्या भावाची ओवी गायली, काकूंनी सूर मिसळला. उडत्या पिठातून परी गिरक्या घेत आली. "दोघी मिळून दळाल तोवर इथलं पीठ सरणार नाही," ती म्हणाली, आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

उजेड ओसरला. थोड्याच वेळात चूल पेटली आणि तव्यावर भाकरी टम्म फुगली.

"आधी तू खा," काकू आईला म्हणाल्या.

"छे गं, तूच!"

वेणूनं दोघींचं नीट ऐकून घेतलं, आणि भाकरी स्वतःच खाऊन टाकली.