जे नाही, त्याचे नाव

दूरदेशी शिकलेली एक तरुण डॉक्टर आपल्या बाजारपेठेच्या गावी परतली, तेव्हा तिला वाटले होते की इथे लोक आपले ऐकणार नाहीत. प्रत्यक्षात त्यांनी तिचा शब्द न् शब्द ऐकला. अनर्थ झाला तो त्यातूनच.

एका वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली ती काम करू लागली. एके दिवशी एक व्यापारी सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आला. यकृतात चरबी साठली होती.

"ताई, लिव्हर म्हटलं की पेठेत एकच अर्थ काढतात," तो हळू आवाजात म्हणाला. "मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही. त्यात पोरीचं लग्न ठरतंय."

"घाबरू नका, काका. हा दारूमुळे होणारा आजार नव्हेच."

खाण्याचे, चालण्याचेही तिने सांगितले. पण व्यापाऱ्याने घरी नेले ते पहिले वाक्य. दुकानात त्याने पेढे वाटले.

काही वर्षांनी तो आला, तो धाकट्या भावाच्या खांद्यावर भार टाकून. डोळे पिवळे, पोटात पाणी.

"दारूचं नाही म्हणाला होतात ना, ताई? मग हे कशाचं?"

त्याच आठवड्यात तो गेला.

"मी खोटं काय सांगितलं होतं?" शिष्या गुरूंपुढे रडली. 

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पहिल्यांदाच येणाऱ्या प्रत्येकाला ते तिच्याकडे बोट दाखवून सांगू लागले, "ही माझी मुलगी नव्हे."

"अगंबाई! मग सून का?" एका आजींनी विचारले.

"सूनही नव्हे."

"म्हातारपणी काय हे, डॉक्टर!" म्हणत आजी उठल्या. दुपारपर्यंत पेठेत कुजबुज सुरू झाली.

संध्याकाळी शिष्या उसळली. "सर, मी कोण आहे, हे एकदाही सांगितलं नाहीत तुम्ही!"

"मी खोटं काय सांगितलं?"

हे तिचेच शब्द होते. गुरू शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे 'तू कुणाची गं?' असं विचारतात. नातीगोती कळली की माणूस कळतो. आजाराचंही तसंच आहे. तो कुणाचा नाही, एवढंच आपण सांगितलं. तो होता सुटलेल्या पोटाचा, वाढलेल्या साखरेचा, चढलेल्या रक्तदाबाचा सख्खा भाऊ. खाल्लेलं अन्न वापरायची आणि साठवायची शरीराची रीतच बिघडली होती. 'दारूचा नव्हे' हेच आपण त्याचं नाव करून टाकलं; ही बिघडलेली रीत नावातच यायला हवी होती. त्या माणसाची अब्रू वाचवली आपण. त्याला नाही वाचवलं. तू ते सांगितलंस तेव्हा मीही त्या खोलीत होतो, बाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याआधी तिची पावले व्यापाऱ्याच्या दुकानाकडे वळली. काय करायचे ते ठरले होते. धाकटा भाऊ गादीवर बसला होता. सदऱ्याची बटणे पोटावर ताणलेली.

"या, ताई. आमची काळजी नको. घरात कुणी पीत नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "काय नाही, ते आज सांगायचंच नाही. दादांना काय झालं होतं, ते सांगायला आलेय. उभे राहा. आधी तुमची कंबर मोजू."