हुंदक्याची जागा

"मग आता माझं काय शिकायचं राहिलंय, ते तरी सांगा, नाना."

भिवा नाना गोंधळी संबळाची वादी आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अंबादास समोर उभा होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो नानांच्या मागे तुणतुणं घेऊन उभा राहत आला होता. आता त्याला स्वतःचा संच काढायचा होता. मंगळवारी एका लग्नघरी गोंधळ होता, त्याची सुपारीही त्यानं परस्पर घेऊन टाकली होती. नानांनी नुसतं 'जा' म्हणायचं बाकी होतं.

"लोक म्हणतात, डोळे मिटून ऐकलं तर नाना गातात की अंबादास, ते कळत नाही."

"गा," नाना म्हणाले.

अंबादासनं देवीला हाक घातली. वरच्या सुरावर गेला आणि ओळीच्या शेवटी सूर मध्येच तोडून त्यानं हलका हुंदका दिला. नानांच्या त्या हुंदक्यावर गावोगावच्या बायका डोळे पुसायच्या. तो गळ्यात बसवायला अंबादासनं जिवाचं रान केलं होतं.

नाना उठले. त्यांनी आपला पंजा अंबादासच्या बरगड्यांवर ठेवला.

"पुन्हा."

तो पुन्हा गायला.

"आत दम भरपूर शिल्लक आहे. मग तोडलास का?"

"तुम्ही तोडता म्हणून..."

नानांनी अंबादासचा हात धरून आपल्या सदऱ्याखाली, डाव्या कुशीवर नेला. कातडीखाली हाडाचा वेडावाकडा उंचवटा हाताला लागला.

"बैलगाडी उलटली होती. तू जन्मलाही नव्हतास. सूर लांबवला की तिथं कळ येते."

अंबादासला हात काढून घ्यायचंही सुचेना...

"गा आता."

तो गायला. हुंदक्याची जागा आली. त्यानं सूर तोडला नाही. सूर पुढं गेला, एकटाच, उघडावाघडा. थरथरला, एकदा घसरला, आणि कसाबसा ओळीच्या टोकाला पोचला.

अंबादासचे कान तापले.

"बिघडलं, नाना."

नाना पुन्हा संबळापाशी जाऊन बसले होते.

आतून त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी विचारलं, "कोण आलंय हो? आवाज ओळखीचा नाही."

नानांनी अंबादासकडे पाहिलं.

"आजच आलाय," ते म्हणाले. "चहा टाक."