शेतातली होडी

एकदा एक तरुण अभियंता आपल्या वृद्ध गुरूंना नवा रेल्वेपूल दाखवायला घेऊन गेला, आणि गुरूंनी पूल पाहण्याआधी होडी मागितली.

नदी मोठी होती. तिचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितले की ऐकणारे म्हणतात, ही तर तिकडची गोष्ट, आणि निर्धास्त होतात. तिच्यावर नॅरोगेजच्या काळातला दगडी पूल होता. पुढे रूळ रुंद करायचे ठरले, छोटी गाडी बंद झाली आणि जुन्या पुलाशेजारी नवा पूल उभा राहू लागला. पलीकडच्या तालुक्यातले लोक कित्येक वर्षे गाडीवाचून होते. पावसाळ्यापूर्वी गाडी आणीन, असा शब्द या अभियंत्याने त्यांना भर सभेत देऊन ठेवला होता.

तो शब्द पाळण्याचा उपायही त्याला सापडला होता. नव्या पुलाचे शेवटचे गाळे, म्हणजे खांबाखांबांमधले टप्पे, पलीकडच्या काठावर हरभऱ्याच्या शेतावरून जाणार होते. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. ते गाळे सोडून देऊन मातीचा भराव घातला, की काम वेळेत संपत होते. जुना पूल तरी शेतावरून का नेला असेल, हे त्याला कोडेच होते. वरिष्ठांचा होकार मिळाला होता. राहता राहिले गुरू. त्यांची हयात याच लोहमार्गावर गेली होती, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय शिष्याचा हात सहीसाठी उठेना.

"होडी कशाला, सर? वळसा घालून जीप थेट खांबापर्यंत जाते."

"मला नदीतून बघायचाय पूल," गुरू म्हणाले.

होडी आली. नावाड्याने पात्र ओलांडून ती पलीकडच्या वाळूला लावली. शिष्य उतरला. गुरू मात्र फळीवर तसेच बसून राहिले.

"चल पुढे," ते नावाड्याला म्हणाले.

नावाडी शिष्याकडे पाहू लागला, शिष्य नावाड्याकडे. "आजोबा, पानी सरलं की हितं," नावाडी म्हणाला.

"ते दिसतंय मला. ओढत न्या. त्या शेवटच्या खांबापर्यंत."

एवढ्या वयाच्या माणसाशी वाद तरी काय घालायचा? कामावरचे गडी बोलावले. गुरू खाली उतरून काठी टेकत पुढे झाले आणि होडी वाळूतून निघून काळ्या मातीत शिरली. शेताचा मालक बांधावर उभा होता. रागवावे की हसावे, हे त्याला कळेना. शिष्याच्या मनात मात्र भलतीच शंका आली. सरांचे वय झाले, त्यांना आता नदी कुठली आणि शेत कुठले हे उमगत नाही. त्या विचाराने त्याला फार वाईट वाटले. आजवर ज्यांच्या मागे तो डोळे मिटून चालला, त्यांच्या मागे तो आज पहिल्यांदाच नाइलाजाने चालत होता.

जुन्या पुलाच्या शेवटच्या खांबाशी होडी पोचली.

"आता बांध," गुरू म्हणाले.

"कुठे, सर?"

गुरूंनी काठी वर केली. दगडात एक लोखंडी कडे बसवलेले होते, दोर घासून घासून एका अंगाने झिजलेले. शिष्याने दोर घेऊन हात उंचावला. पुरेना. टाचा उचलल्या, तरी पुरेना. मग तो होडीत चढून फळीवर उभा राहिला. कडे तरीही हाताच्या वरच राहिले. दोर हातात धरून तो तसाच थांबला.

"पहिल्यांदा हा पूल बांधला, तेव्हा तो तिकडे वाळूपाशीच संपत होता," गुरू सांगू लागले. "इथे भराव होता, तुझ्या मनात आहे तसाच. एका पावसाळ्यात नदी इकडे आली. पुलाच्या दगडालाही धक्का लागला नाही, आणि ती भराव फोडून पुलाच्या शेजारून निघून गेली. हे गाळे त्यानंतरचे. पुन्हा तसाच पूर आला, तेव्हा मी तुझ्या वयाचा होतो. आमची होडी याच कड्याला बांधलेली होती, आणि डोक्यावरून गाडी सावकाश पलीकडे गेली. तू पाणी मोजलंस, ते आजचं. नदीने सोडलेली जागा अजून तिचीच आहे."

शिष्य दोर गुंडाळत होडीतून खाली हरभऱ्यात उतरला.

"पण सर, मी लोकांना शब्द दिलाय."

"मग जा आणि सांग, गाडी उशिरा येईल. शिव्या बसतील. त्या ऐकून घे."

शिव्या बसल्या. गाडी पुढच्या वर्षी आली. आता तिच्यातून जाणारे प्रवासी खाली पिके पाहतात आणि एकमेकांना विचारतात, की नदी संपली, मग पूल का संपत नाही? नव्या पुलाच्या शेवटच्या खांबालाही उंचावर एक कडे आहे. शिष्याने ते स्वतः उभे राहून बसवून घेतले.

कोरड्या शेतावरचा पूल दिसला, तर बांधणाऱ्याला वेड्यात काढण्याआधी आपणही मान जरा वर करून पाहावे.