ठिगळांची रांग

दुष्काळ पडला आणि उदयभान राजाने धान्याचं कोठार उघडलं. पण राजा हट्टी. हुकूम एकच: ज्याच्या अंगावर ठिगळ, त्यालाच धान्य!

झालं! गावात ठिगळांना सोन्याचा भाव आला. सावकार, वतनदार, झाडून सगळे कुणाचे तरी फाटके कपडे चढवून रांगेत उभे. बघता बघता कोठार अर्धं रिकामं झालं आणि खरे उपाशी उपाशीच राहिले.

अशात शिपायांनी एका मजूर पोरीला राजापुढे आणलं. तिचं नाव भिवरा. अंगावर चक्क जरीचं लुगडं.

"जरी नेसून धान्य मागतेस? लाज नाही वाटत?" राजा गरजला.

"वाटती की, म्हाराज. पर माझं फाटकं लुगडं तिकडं रांगेत हुबं हाय. आत सावकारीणबाई हायेत. त्यांनी बदल्यात हे दिलं, आजच्या दिसापुरतं."

राजाने वळून पाहिलं. ठिगळांच्या पदराखाली सोन्याच्या पाटल्या चमकत होत्या. राजा खजील झाला, आणि खजील झालेला राजा आणखीच हट्टाला पेटतो.

"मग तूच निवड खरे गरजू! कपडे बघायचे नाहीत, कुणाला काही विचारायचं नाही, घरांची झडती घ्यायची नाही. नाही जमलं तर कोठाराला कुलूप!"

भिवराच्या घरी आई नुसत्या पाण्यावर होती. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "कुदळी अन् टोपल्या द्या, म्हाराज."

सकाळी दवंडी पिटली: गावतळं गाळाने भरलंय. मागेल त्याला कुदळ. दिवसभर गाळ काढील त्याला संध्याकाळी धान्य!

रांगेत कुजबुज झाली. सावकाराची कंबर धरली. वतनदाराला पाहुण्यांकडचं लग्न आठवलं. ऊन तापेपर्यंत तळ्यात उरले ते पोटाला खरा चिमटा बसलेलेच.

"आणि म्हातारेकोतारे?" राजाने विचारलं.

"ते पानी पाजतील, बायांची तान्ही सांभाळतील. त्यांनाबी धान्य."

राजाला अजून हार मानवेना. "समज, एखादा सावकार खणायला उतरलाच तर?"

"उतरू द्या की! तळं लवकर हुईल. अन् दिसभर गाळ उपसल्यावर त्याची भूकबी खरीच असंल. द्या त्यालाबी!"

राजा पोट धरधरून हसला. तिथेच त्याने फर्मान काढलं, की यापुढे राज्यात जो काम मागेल त्याला काम मिळेल, आणि त्या कामांवर मुकादम म्हणून भिवरा राहील. धान्याची पहिली गोणी मात्र त्याने स्वतः भिवराच्या आईच्या दारात नेऊन टाकली.