मेलेल्या पेठेतला फेटा

चिंचखेडच्या जुन्या पेठेत गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, तेव्हा नगराध्यक्ष दौलतराव ऊर्फ अण्णासाहेब खर्डे यांनी भर सभेत जाहीर केले, "पेठ मेली आहे. दुकाने पाडून तेथे वाहनतळ करू."

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मुलाचे लग्न होते. शुभकार्याचा फेटा पेठेतल्या गोदूबाई रंगारी यांच्याच हातून बांधून घ्यायचा, ही गावाची रीत. वाजतगाजत वऱ्हाड दुकानाशी आले आणि दौलतराव ऐटीत पाटावर बसले.

गोदूबाईंनी कापडाला हातच लावला नाही.

"अहो बाई, मुहूर्त टळेल!" दौलतराव म्हणाले.

"अण्णासाहेब, मयताच्या दारी माणसे डोक्यावरचा फेटा उतरवतात. आपण तर बांधून घ्यायला आलात. मग पेठ जिवंत समजायची, की मेलेली?"

वऱ्हाडात हशा पिकला. लग्नघटकेला मयताचे नाव! दौलतराव घाईघाईने उद्गारले, "जिवंत, जिवंत! एकही दुकान पडणार नाही. उलट रस्ता नीट करू, दिवे लावू!"

बँडवाल्यांनी ताल धरला. शेजारच्या हलवायाने पेढे वाटले. गोदूबाई शेवटचा पेच आवळत म्हणाल्या, "मान हलवू नका, अण्णासाहेब. फेटा सुटला तर पुन्हा बांधता येतो. दिलेला शब्द नाही."