मुक्या नाण्याची कहाणी

ऐक बाई नाणेलक्ष्मी, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं, तिथं राजाची टाकसाळ होती. चांदी वितळायची, ठसा बसायचा, नाणी पडायची. टाकसाळीवर एक कारभारी होता, त्याला बायको होती आणि एकुलती एक लेक होती, साळू. लेक लाडकी. रडली की दे नाणं, रुसली की दे नाणं, जेवली की दे नाणं. साळू त्यांचे सागरगोटे खेळायची, त्यांनी कावळे हाकलायची. आई हसायची. तुम्ही नाकं मुरडू नका गं बायांनो, आपापल्या घरी काय चालतं ते आठवा.

एक दिवस दारी म्हातारी आली. श्रावणातला शुक्रवार होता. म्हणाली, "पोरी, भूक लागली. मूठभर दाणे घाल." साळू झोक्यावर. कोण उतरणार? तिनं नाणं भिरकावलं, ते म्हातारीच्या कपाळावर बसलं. आई आतून म्हणाली, "असू दे, आमच्याकडं पुष्कळ आहेत." मग म्हातारीनं नाणं उचललं, पायरीवर वाजवलं. टण्ण वाजलं. म्हणाली, "पोरी, याचं मोल काय?" साळू म्हणाली, "मला काय ठाऊक!" म्हातारी म्हणाली, "मोल ठाऊक नाही, तर वाजून तरी काय करायचं?" नाणं उंबऱ्यावर ठेवलं आणि चालती झाली.

दुसऱ्या दिवशी काय झालं? टाकसाळीतलं एकही नाणं वाजेना. दगडावर टाकलं, थप्. लोखंडावर टाकलं, थप्. बाजारात बोंब झाली, राजाच्या कानी गेली. राजानं कारभाऱ्याला धरून आणलं. "चांदीत भेसळ केलीस! श्रावण सरायच्या आत तुझ्या घरचं एक नाणं माझ्यापुढं वाजलं तर सुटशील. नाही तर उजवा हात तोडीन." कारभारी कोठडीत पडला.

मग आई रडत रडत नदीवर गेली. पिंपळाखाली तीच म्हातारी बसलेली. आईनं पाय धरले. "बाई बाई, उपाय सांग." म्हातारी म्हणाली, "वसा आहे, पण तुझ्यानं होईल का? लेकरानं स्वतःच्या कष्टानं चांदीचं एक नाणं मिळवावं. शुक्रवारी दुधानं धुवावं, हळदकुंकू वाहावं, पाट्यावर वाजवावं. मग दर साली एक मिळवून डब्यात ठेवावं. आईनं मधे हात घालू नये. उतू नये, मातू नये, आणि लाडाच्या भरात वसा मोडू नये." आई म्हणाली, "एवढंच ना?"

श्रावणात तीन शुक्रवार उरले होते. पहिल्याला आई शेजारच्या कासारणीकडं गेली. हळूच म्हणाली, "माझ्या लेकीकडून काही काम करून घे, नाणं दे, मी तुला दोन देईन." साळूनं एक बांगडी इकडची तिकडं ठेवली, नाणं मिळालं. घरी धुतलं, वाजवलं. थप्.

दुसऱ्याला कासारणीच्या शेवया करायच्या होत्या. साळूनं दोन वळल्या, तिला झोप आली. उरलेल्या आईनं वळल्या. नाणं मात्र लेकीच्या हातात. धुतलं, वाजवलं. थप्.

मग आईनं कपाळ बडवून घेतलं. "माझीच खोड नडली. माझ्या धन्याचा हात जायची वेळ आली!" साळूनं ते ऐकलं. बापाचा हात म्हणजे तिला झोका देणारा हात. ती उठली, कुंभारणीकडं गेली. "मावशी, मला काम दे." कुंभारीण म्हणाली, "नदीवरून पाणी आण. खेपेला पसाभर कवड्या देईन." पहिल्या दिवशी घागर फुटली, तिच्या भरपाईत कवड्या कापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी आई दाराशी उभी, धावायला निघाली. मग पदरानं स्वतःचे हात बांधले आणि उंबऱ्यावर बसून रडली. चौथ्या दिवशी साळूला हलवायानं हाक मारली, "बत्तासे घे गं." साळूनं कवड्या पाहिल्या. "नको. या चार खेपा आहेत."

शुक्रवारी पहाटे ती कवड्यांची पिशवी घेऊन सराफाकडं गेली. सराफानं एक जुनं नाणं दिलं. झिजलेलं, कडेला चरा पडलेलं. म्हणाला, "मुकं आहे हो, पोरी." साळू म्हणाली, "चालेल." घरी आणलं, दुधानं धुतलं, हळदकुंकू वाहिलं, पाट्यावर टाकलं. टण्ण! आईला हसू आणि रडू एकदमच आलं. मायलेकी तशाच धावत निघाल्या.

वाटेत म्हातारी बसलेली. "पोरी, भूक लागली. ते नाणं घाल." साळू थांबली. म्हणाली, "आजी, हे देववत नाही. याच्यावर माझ्या बापाचा हात वाचायचा आहे. पण माझी भाकर घे, सकाळपासून खाल्ली नाही." खाली बसली, आपल्या हातानं भाकर दिली, पाणी दिलं. म्हातारी हसली. "आता तुला मोल कळलं. जा, बाप वाट पाहतोय."

राजापुढं नाणं टाकलं. टण्ण! आणि त्याबरोबर राजाच्या खजिन्यातली झाडून सगळी नाणी वाजली. बाजारातली वाजली, घराघरांतली वाजली. राजाचा राग निवला. कारभारी सुटला, त्यानं लेकीला उजव्या हातानं उचललं, तेव्हा कुठं आईचा जीव भांड्यात पडला. राजा म्हणाला, "हे नाणं मी ठेवतो. बदल्यात ही थैली घे, शंभर आहेत." साळूनं थैलीकडं पाहिलंसुद्धा नाही. "महाराज, ती तुमची. माझं मला द्या."

मग दर साली एक नाणं साठलं. लग्न झालं तेव्हा साळूनं डबा सासरी नेला. सासूनं विचारलं, "किती आहेत गं?" साळू म्हणाली, "मोजून काय सांगू? हे दळणाचं, हे शेवयांचं, हे वातींचं. आणि हे चऱ्याचं माझ्या बापाच्या हाताचं."

नाणेलक्ष्मी जशी साळूला पावली, तशी तुम्हांआम्हां लेकुरवाळ्यांना पावो. आपल्या लेकरांची नाणी वाजती राहोत, आणि आपले हात वेळेवर पदरात राहोत. साठां उत्तरांची कहाणी पाचांत गुंडाळली, डब्यात ठेवली, सुफळ झाली.